टीव्हीवाले नरसय्यामामा

आमच्या चादरींच्या कारखान्यात नरसय्यामामांना सगळे 'टीव्हीवाले' म्हणत. तेव्हा सोलापुरात शुक्रवार पेठेत कुणाच्या घरी टीव्ही नव्हता. कारखान्यातल्या एकानेही तो डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मामा मात्र महिन्यातून एकदा मुंबईला जात, भाच्याच्या चाळीत एक इंग्रजी मालिका बघत आणि परत आले की जेवणाच्या सुट्टीत ती आम्हाला सांगत. पन्नाशीचा, दोन माग चालवणारा माणूस एका खोक्यापायी एवढा रेल्वेचा प्रवास करतो, याचं सगळ्यांना हसू यायचं. मामाही त्या हसण्यात सामील होत. खरं तर ते मुंबईला जात ते गळ्याच्या कॅन्सरवर लाईट, म्हणजे किरणांचा शेक, घ्यायला. कारखान्यात हे फक्त मला ठाऊक होतं.

ते ठाऊक होण्याचं कारण माझी सातवी. सातवीनंतर माझी शाळा सुटली, वडील गेले म्हणून. पण तेवढ्यावर मला पोस्टकार्ड वाचता येत होतं. मामांना तेलुगू वाचता येई, मराठी नाही. भाचा शिकलेला मराठी शाळेत, तो लिही मराठीत. आणि मामांनी त्याला बजावलं होतं, की पत्र घरी टाकायचं नाही, कारखान्याच्या पत्त्यावर टाकायचं. घरी आलेलं पत्र राजव्वाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, शेजारच्या कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं. राजव्वाही आमच्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे रहाट फिरवून मागाच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. तिला त्यांनी सांगितलं होतं, की कापसाच्या धुळीने घसा सुजलाय, मुंबईचा डॉक्टर लाईट देतो, त्यानं उतरतोय.

पहिलं कार्ड मी वाचून दाखवलं. मामांनी ते शांतपणे ऐकलं, कार्डाचे चार तुकडे केले आणि म्हणाले, "बिड्डा, हे तुज्यात न् माज्यात." बिड्डा म्हणजे लेकरू. सोलापुरात मला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं, तेव्हा हे नाव मी घेऊन टाकलं.

मी वेंगुर्ल्याकडची. नवरा रेल्वेत फायरमन, आठवड्यातले चार दिवस लायनीवर. लग्न होऊन आले तेव्हा सोलापूर स्टेशनवर उतरल्या उतरल्या मला झाडं शोधावीशी वाटली होती. खोली मिळाली ती गल्लीच्या टोकाला. तिथं दिवसभर मागांचा खडखडाट यायचा. महिना-दीड महिना मी दूधवाल्याशिवाय कुणाशी बोलले नसेन. कडी लावली की नाही हे उठून तीनतीनदा बघायचं, आणि लावलेली असली तरी भ्यायचं, असे ते दिवस. नळावर राजव्वाने मला पाहिलं आणि काही न विचारता कारखान्यात घेऊन गेली. मालकाने विचारलं, काम येतं का? मी मान खाली घातली. मागे मामा उभे होते. ते म्हणाले, "व्हतंय की."

हे त्यांचं नेहमीचं उत्तर. सूत खराब आलं, व्हतंय की. वीज गेली, व्हतंय की. एकदा त्यांची सायकल चोरीला गेली तर दोन मैल चालत आले आणि आम्ही काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाले.

तुटलेलं सूत सांधायला त्यांनी मला शिकवलं. कांडी भरताना धागा सारखा तुटायचा, आणि मी डोळे ताणून टोकं शोधत बसायची. मामा शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "डोळ्याला इचारू नको, बोटाला इचार." मग स्वतः छताकडे बघत दोन टोकं एकत्र आणली, काहीतरी केलं, आणि धागा सलग झाला. मला ते जमायला पंधरा दिवस लागले. पंधराव्या दिवशी त्यांनी माझा सांधा दातात धरून ओढला, तो सुटला नाही, तेव्हा कानामागची बिडी काढून मला दाखवली, बक्षीस दिल्यासारखी, आणि परत कानामागे ठेवली. ती बिडी ते ओढत नसत. डॉक्टरांनी बंद केली होती. कानाला सवय आहे म्हणायचे. गळ्याला बारा महिने एक उपरणं गुंडाळलेलं असे, आणि एप्रिलात सोलापूर तव्यासारखं तापलं तरी ते काढत नसत. चहा बशीत ओतून अगदी गार होईपर्यंत समोर ठेवायचे. आमच्यातली मंद्रूपची पारूबाई त्यावरून त्यांना छळायची. म्हणायची, मामा, च्याचं सरबत झालं, आता प्या.

मागाच्या खात्यात बोललेलं ऐकू यायचं नाही. तिथली माणसं चार माग पलीकडच्याशी नुसते ओठ हलवून बोलायची. मामा काहीतरी म्हणत, पलीकडचा तसंच उत्तर देई, आणि दोघंही हसत. आम्ही नव्या बायका भिंतीच्या अलीकडे, कांड्यांच्या खोलीत. दारातून मला ते हलणारे ओठ दिसायचे आणि आपल्यालाच हसताहेत असं वाटून मी रहाटाकडे बघायची.

नक्षीचे पुठ्ठेही मामाच दुरुस्त करत. चादरीवर मोर उठायचा असेल तर पुठ्ठ्यांना नेमक्या जागी भोकं पाडावी लागतात; एक भोक चुकलं की ती चूक प्रत्येक चादरीत उतरते. एकदा मुंबईहून आल्यावर त्यांच्या हातून असं झालं आणि डझनभर चादरींवरच्या मोराला दोन माना आल्या. मालक भडकले. मामा चादर उलगडून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शेट, एक मान लांडोरीकडं बघायला हाय, एक गिऱ्हाइकाकडं." मालकही हसले. त्या चादरी नव्या पेठेतल्या एका दुकानदाराने नेल्या आणि पुढच्या खेपेला तसल्याच मागितल्या. त्यावर मामांनी साफ नकार दिला. चूक एकदा होते, मुद्दाम केली तर ती लबाडी, असं त्यांचं म्हणणं.

आता ती मालिका.

टीव्ही भाच्याचा नव्हता, त्याच्या शेजाऱ्याचा. चाळीतली सगळी पोरं त्या खोलीत भरायची, आणि मामांना जागा मिळायची ती उंबऱ्याबाहेर, चपला काढतात तिथं. तिथून अर्धं खोकं दिसे. इंग्रजी एक अक्षर कळत नसे. भाच्याने एवढंच सांगितलेलं, की ग्रीस म्हणून एक देश आहे आणि ही तिथल्या जुन्या देवांची गोष्ट आहे. मालिका दर आठवड्याला, मामा जाणार महिन्यातून एकदा. म्हणजे एक भाग बघितला की मधले तीन गेले. ते तीन मामा स्वतः भरून काढत.

गोष्टीतल्या नायकाचं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. ते त्याला 'आपला गडी' म्हणत. आपला गडी खलाशी होता. एका बेटावरच्या गुहेत त्याला तीन म्हाताऱ्या दिसतात. एक सूत कातते, दुसरी ते मोजते, तिसरीच्या हातात कातर. जगातल्या एकेका माणसाचं आयुष्य म्हणजे त्यांच्याकडचं एकेक सूत. तिसरीनं कातर चालवली की तो माणूस मेला. आपला गडी त्यांना स्वतःचं सूत दाखवायला सांगतो. मोजणारी बोटावरचं सूत दाखवते. वीतभर उरलेलं असतं.

पुढे सगळी गोष्ट म्हणजे आपला गडी त्या वीतभर सुताला आणखी सूत मिळावं म्हणून समुद्रावर फिरतो. एका डोळ्याचा राक्षस भेटतो, पक्ष्याच्या अंगाच्या गाणाऱ्या बायका भेटतात. दर महिन्याला मामा आले की पत्र्याच्या सावलीत बायका-माणसं डबे उघडून त्यांच्याभोवती बसत आणि गोष्टीची हजामत सुरू होई. मागच्या खेपेला जहाज फुटलं होतं, आता हे नवं कुठून आलं, असं कुणीतरी विचारलं. मामा म्हणाले, मधी तीन आठवडं गेल्यात, तीन आठवड्यांत जहाज व्हत न्हाई व्हय? पाताळाच्या दारात तीन तोंडांचं कुत्रं बसलेलं आहे म्हटल्यावर पारूबाई घास हातात धरून थांबली. आपल्यात दत्ताला तीन तोंडं आणि कुत्री पायाशी, तिकडं कुत्र्यालाच तीन, म्हणजे देव कुठं बसतो, असं तिला पडलं. मामांनी सांगितलं, देव डोंगरावर असतात, पांढरी कापडं नेसून. ते मरत नाहीत.

"मरत न्हाईत तर दिसभर करत्यात काय?" पारूबाईने विचारलं.

"बसून आपल्याला बघत्यात," मामा म्हणाले. "आपण टीव्ही बघतो तसं. कटाळा आला की जरा वारं सोडत्यात."

पण सगळ्यात मोठी भांडणं झाली ती त्या तीन म्हाताऱ्यांवरून. कातणारी आहे, मोजणारी आहे, कापणारी आहे. मग सांधणारी का नाही? सबंध कारखान्याला हे पटलं नाही. दिवसातून दोनशेदा सूत तुटतं आणि दोनशेदा सांधलं जातं, यावर ज्यांचं पोट, त्यांना कापून तसंच सोडलेलं सूत म्हणजे निव्वळ आळस वाटे. पारूबाई तर म्हणाली, कसल्या इणकरणी त्या, आपल्या मालकानं दुसऱ्या दिवशी काढल्या असत्या. मामा तिला म्हणाले, की सांधायला दोन्ही टोकं हातात लागतात, एक टोक पाताळात गेलं तर काय करशील? पण सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. शेवटी कुणीतरी येणार आणि आपल्या गड्याचं सूत सांधणार. राजव्वा काही म्हणत नसे. ती मामांच्या डब्यातली भाकरी दुधात कुस्करून मऊ करत असे आणि त्यांच्याकडे बघत असे.

असं आठ-नऊ महिने चाललं. मामांचा आवाज हळूहळू खरखरीत झाला, मग फाटला. गोष्टी आखूड झाल्या. लोक म्हणत, मुंबईचं पाणी बाधलं. मी वाचलेली कार्डं माझ्या पोटात. राजव्वाशेजारी रहाट फिरवताना ती सहज काही विचारेल म्हणून मी दिवसभर धास्तावलेली असे. तिनं कधी विचारलं नाही.

मग मामा मुंबईला गेले ते दोन आठवडे आले नाहीत. आले तेव्हा आवाज जवळजवळ गेलेला होता. कानाशी तोंड नेलं तर हवा ऐकू येई. त्यांच्या पाठोपाठ कार्ड आलं. भाच्याने लिहिलं होतं, की डॉक्टर म्हणाले आता इथं आणू नका, घरीच सांभाळा, उपाय राहिला नाही, मामींना तुम्हीच सांगा. मामांनी ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनीच माझ्या डोक्यावर थापटलं. मग कुजबुजत म्हणाले, मालिकेचा शेवटचा भाग मी इस्पितळात असतानाच होऊन गेला. शेजाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले त्या टायमाला लाईट गेली होती. म्हणजे शेवट कुणालाच ठाऊक नव्हता.

"आज शेवट सांगायचा," ते म्हणाले. "तू बोल. मी तुज्या कानात सांगंन तेच म्हण."

मी म्हटलं, मला चारचौघांत बोलता येत नाही, माझ्या बोलण्याला सगळे हसतात.

"व्हतंय की." मग थोडं थांबून, दम घेऊन: "राजव्वाला सांगायला मला तोंड न्हाई, बिड्डा. लग्नाला बत्तीस वरसं झाली. गोष्टीतनं कळंल तिला."

सुट्टी झाली. माग थांबले की कारखान्यात एक विचित्र शांतता पसरते, कानात तेवढं वाजत राहतं. पत्र्याच्या सावलीत सगळे बसले. टीव्हीवाल्यांना आज वकील मिळाला, असं कुणीतरी म्हणालं. मी मामांच्या शेजारी, लोकांकडे न बघता बसले. ते कानाशी एकेक वाक्य म्हणत आणि मी मोठ्याने सांगे. माझा कोकणी हेल ऐकून सुरुवातीला एकदोघी हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

आपला गडी पाताळाच्या राजापुढे उभा राहिला. राजा म्हणाला, सूत माझ्याकडं नसतं, त्यांनाच विचार. गडी समुद्र ओलांडून परत त्या गुहेत आला. तिघी तशाच बसलेल्या होत्या. तो थकला होता. मोजणारीनं बोट पुढं केलं. वीतभर नव्हतं आता, चिमटीत येईल एवढंच होतं. गडी म्हणाला, मी लई फिरलो, लई बघितलं. तिसरीनं कातर उचलली.

मग मामा माझ्याकडे वळले. त्यांचे ओठ माझ्या कानापासून थोडे दूर होते, सगळ्यांच्या समोर. ते म्हणाले, "कापलं."

मी मान वर केली. समोर राजव्वा बसली होती. मांडीवर दुधाचा पेला, त्यात भाकरी. दोन बोटं पेल्यात तशीच राहिलेली. मला तो शब्द उच्चारता येईना. एवढ्या लांबच्या गावात ज्या बाईने मला हाताला धरून माणसांत आणलं, तिला मी हे सांगायचं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांना माझा आवाज ऐकू आला: "तेवढ्यात कातणारीनं कातरीचा हात धरला. नवं सूत घेतलं, आणि टोकाला टोक लावून सांधून दिलं."

कुणी काही बोललं नाही. डब्यांची झाकणंही वाजली नाहीत. मामा माझ्याकडे बघत होते. रागावले नव्हते, मागावर अनोळखी नक्षी उतरताना बघावं तसं बघत होते. मग पारूबाईच म्हणाली, "हां. आता बरूबर झालं." आणि उठली. तिच्यामागून सगळे उठले. एकदोघींनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, शेवट आवडला त्यांना.

दुपारभर मला सुधरत नव्हतं. मरणाऱ्या माणसाने सांगितलेला एक शब्द मी बदलला होता. राजव्वा नेहमीप्रमाणे शेजारच्या रहाटावर आली, दोन कांड्या भरल्या, मग माझा रहाट हाताने थांबवला.

"तू सांगितलीस ते त्यांनी म्हनले न्हाईत," ती म्हणाली.

मी रहाट परत फिरवायला गेले, तर सूत तुटलं.

"मागात जलम गेला आमचा. व्हटाकडं बघूनच कळतं आमाला. समद्यांनी बघितलं की."

मग माझ्या ध्यानात आलं. ज्या माणसांना खडखडाटात चार माग पलीकडचं बोलणं कळतं, त्यांच्यासमोर, शांततेत, चार हातांवर मामांनी तो शब्द उच्चारला होता. पारूबाईने पाहिला होता. हसणाऱ्यांनी पाहिला होता. मी एकटीच समजत होते की तो माझ्या कानात आहे. मी विचारलं, मग कुणी काही बोललं का नाही?

"तुजं तोंड बघून," राजव्वा म्हणाली.

मी रडायला लागले. ती रडली नाही. माझ्या रहाटावरचं तुटलेलं सूत तिने सवयीने सांधलं आणि म्हणाली, की तिला कधीपासून ठाऊक होतं. ज्या माणसाचे सदरे ती धुते, त्याचा गळा किती उतरला हे तिला भाच्याच्या कार्डाने सांगायला नको. "त्यांनी आपल्या तोंडानं सांगायची वाट बघत हुते. आज सांगितले. बास की." मग तिने स्वतःचा रहाट सुरू केला.

मामा कामावर आले ते आणखी आठवडाभर. मग मागावर दुसरा माणूस आला. माझ्या नवऱ्याची भुसावळला बदली झाली, ती नेमकी त्याच महिन्यात. तेव्हापासून मी इकडेच आहे. मामांनी किती दिवस काढले, शेवटी काय झालं, हे मला पारूबाईच्या एका पत्रातून कळलं. ते तिने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. माझ्यापाशी आहे ती मी सोलापूर सोडायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. निरोप घ्यायला मी त्यांच्या घरी गेले होते.

दार उघडं होतं. राजव्वाची पाठ माझ्याकडे. मामा बाजेवर, पण दाराच्या चौकटीमुळे मला त्यांचे फक्त पाय दिसत होते, चादरीबाहेर आलेले, बारीक झालेले. राजव्वा तेलुगूत काहीतरी भडाभडा बोलत होती. भांडतच होती बहुतेक. दोन वाक्यं बोलायची, मग थांबायची, बाजेकडे बघायची. घरात एकच आवाज. मला तेलुगू येत नव्हतं, पण ती थांबायची तेव्हा पलीकडून उत्तर येत होतं हे मला कळत होतं, कारण त्यानंतर तिचा सूर बदलायचा, कधी चढायचा, कधी "हूं" म्हणून ती मान फिरवायची. गल्लीतून जाणाऱ्या माणसाला वाटलं असतं की एक बाई घरात एकटीच बोलत बसली आहे.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात ती परत थांबली. या वेळी बराच वेळ थांबली. बाजेवरचे पाय जरासे हलले. मग राजव्वा हसली, मोठ्याने, पदर तोंडाला न लावता, पोरीसारखी. मी तिला हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी दारातूनच परत फिरले.